कडी लावू की नको?

पत्र: मी एकतीस वर्षांची आहे. कोपरखैरण्यात सिडकोच्या जुन्या घरात सासू-सासरे, नवरा आणि मी असे चौघं राहतो. चार वर्षांपासून मला फिट येतात, वर्षाला दोन-तीन. गोळ्या चालू आहेत. बहुतेक वेळा सकाळी उठल्यावर तासाभरात येते. कधीकधी फिट येत नाही, नुसते हात उडतात आणि चहाचा कप सुटतो. गेल्या महिन्यात आंघोळ करताना फिट आली. आतून कडी होती. नवऱ्याने आणि शेजारच्या भाऊजींनी दार फोडलं. फारसं लागलं नाही, पण त्या अवस्थेत मला परक्याने पाहिलं हे डोक्यातून जात नाही. तेव्हापासून सासूबाई दार उघडं ठेवायला लावतात आणि बाहेर खुर्ची टाकून बसतात. दुपारी घरी फक्त सासरे असतात. सगळे बाहेर गेले की मी गुपचूप कडी लावून भराभर आंघोळ उरकते. चुकतंय हे कळतं. पण करू काय?

उत्तर: ताई, घरात कोणी नाही, दार आतून बंद आणि हात घाईत. फिटच्या दृष्टीने नको त्या तिन्ही गोष्टी तुम्ही एका वेळी करताय, आणि त्या करताय कारण दार उघडं ठेवायला लावलंय. सासूबाईंची खुर्ची काळजीपोटी आली यात शंका नाही. पण त्याच खुर्चीमुळे तुम्ही घर रिकामं व्हायची वाट बघता. हे त्यांना याच शब्दांत सांगा, किंवा नवऱ्याला सांगायला लावा. आडोसा हा लाड नाही. तो मिळाला तरच तुम्ही घरात माणसं असताना आंघोळ कराल.

आता कडी. आतून सरकवायची आहे ती लावायची नाही, आणि नुसतं ‘लावणार नाही’ असं ठरवूनही भागणार नाही, कारण सवयीचा हात आपोआप तिच्याकडे जातो. ती काढूनच टाका. तिच्या जागी मॉलच्या स्वच्छतागृहात असते तशी लाल-हिरवी खूण दाखवणारी कडी बसवा. आतून फिरवली की बाहेर लाल दिसतं, म्हणजे आत कोणी आहे हे न विचारता कळतं. बाहेरच्या बाजूला एक खाच असते. तिच्यात नाणं किंवा पेचकस घालून फिरवलं की दार उघडतं. हार्डवेअरवाल्याकडे ‘इंडिकेटरवाली बाथरूमची कडी’ म्हणून मागा आणि दुकानातच खिशातलं नाणं घालून बघा. काही खाचा इतक्या बारीक असतात की नाणं शिरतच नाही. नाण्याच्या भरवशावर राहूही नका. एक छोटा चपटा पेचकस दोरीने दाराबाहेर, डोळ्यांच्या उंचीवर टांगून ठेवा. हा पेचकस घरातल्या दुसऱ्या कुठल्याही कामाला न्यायचा नाही. घरातला पेचकस हवा तेव्हा कधी जागेवर सापडलाय?

गोल मुठीचं कुलूप मिळतं, ज्याच्या बाहेरच्या मुठीला बारीक भोक किंवा खाच असते. तेही चालतं, पण ते साधारण ३५ मिलिमीटर किंवा त्याहून जाड दारासाठी असतं. तुमचं दार पोकळ पीव्हीसीचं असेल, ज्याला आपल्याकडे सरसकट सिंटेक्सचं दार म्हणतात, तर त्याची जाडी बहुधा तेवढी नसते. शिवाय पोकळ दारात स्क्रू धरत नाहीत, काही महिन्यांत कडी खुळखुळायला लागते आणि नेमकी हवी तेव्हा फिरत नाही. म्हणून सुताराला स्क्रूऐवजी आरपार बोल्ट आणि दोन्ही बाजूंना वॉशर घालायला सांगा.

कडीपेक्षा मोठा प्रश्न दार कुठल्या बाजूला उघडतं हा आहे. बाथरूमची दारं बहुधा आत उघडतात. चार बाय चारच्या जागेत माणूस पडला की तो दाराला टेकूनच पडतो. मग कडी उघडी असली तरी बाहेरून ढकलणारा दार तुमच्याच अंगावर ढकलत असतो. गेल्या महिन्यात दार फोडायला किती वेळ लागला आणि तुम्ही कुठे पडला होतात, हे नवऱ्याला विचारा. दाराशीच पडला असाल तर नाण्याची कडी अर्धंच काम करेल, दार बाहेर उघडणारं करून घ्यावं लागेल. चौकट ग्रॅनाइटची असली तरी ती बदलावी लागत नाही. बिजागऱ्या चौकटीच्या बाहेरच्या बाजूला घेतात आणि दार जिथे थांबायला हवं तिथे आतून ॲल्युमिनियमची पट्टी मारतात. ग्रॅनाइटला नवी भोकं पाडायला डायमंड बिट लागतो. साध्या ड्रिलने चौकटीचा टवका उडतो, त्यामुळे सुताराकडे तो आहे का हे आधी विचारून घ्या.

बाहेर उघडणाऱ्या दाराचा आणखी एक फायदा असतो. बिजागरीची पिन बाहेरच्या बाजूला येते, म्हणजे कडी अडलीच तर पिन ठोकून दार काढता येतं. तोटाही आहे. दाराच्या आतल्या अंगावर उडालेलं पाणी उघडताना बाहेर पॅसेजमध्ये ओघळतं आणि सासूबाईंचा पाय त्यावरून घसरू शकतो. बाहेर जाड पायपुसणं टाका. जुन्या घरांत न्हाणीघर आणि संडास शेजारी शेजारी असतात आणि दोन्ही दारं बाहेर उघडली तर एकमेकांवर आपटतात. तिथे एकाची बिजागरी उजवीकडे आणि दुसऱ्याची डावीकडे घ्यावी लागते. पॅसेज फारच अरुंद असेल तर पीव्हीसीचं घडीचं दार बसवा. ते रुळातून निसटतं, घड्यांत शेवाळ धरतं, दिसायलाही बरं नसतं. पण माणूस आतून टेकला असला तरी ते बाहेर ओढून काढता येतं, आणि आपल्याला तेवढंच हवंय. संडासाच्या दारालाही हेच सगळं करा. ती जागा आणखी लहान असते आणि तिथे पडलेल्या माणसाला वळवायलाही वाव नसतो.

दाराच्या आत, एक-दीड फुटावर पडदा लावा. दोन भिंतींच्या मध्ये स्प्रिंगने ताणून बसणारा रॉड मिळतो, त्यावर प्लास्टिकच्या कड्यांचा हलका पडदा. भिंतीत ठोकलेला लोखंडी रॉड नको. पडताना माणूस पडदा धरतो, आणि धरला तर तो सगळा खाली यायला हवा. पडदा असला की दार उघडणाऱ्याला एकदम तुम्ही दिसत नाही. त्याला हाक मारायला एक क्षण मिळतो, आणि तुम्ही शुद्धीवर असाल तर तुम्हाला ‘थांबा’ म्हणायला.

दाराबाहेरच्या हुकावर एक मोठा सुती पंचा किंवा जुना गाऊन कायम लटकवलेला हवा, पेचकसाच्या शेजारीच. आत जाणाऱ्याने तो हातात घेऊनच जायचं. चेहरा पाण्यात नसेल तर आधी पांघरायचा आणि मग पुढचं, आणि चेहरा पाण्यात असेल तर आधी चेहरा. आंघोळ करताना अंगावर काही असावं असं वाटत असेल तर पूर्वी बायका नदीवर करायच्या तसा छातीवर परकर बांधून करा. फक्त तो गुडघ्यापर्यंतच असू द्या. पायघोळ परकर ओला झाला की पायात अडकतो.

आत कोण जाणार, हे पत्रात तुम्ही सरळ विचारलेलं नाही, पण खरी अडचण तीच आहे. दुपारी घरी सासरे असतात. त्यांना आज कोणी विचारलं तर ते संकोचाने दाराबाहेर उभे राहून शेजारणीला हाका मारत बसतील, आणि त्यात चार मिनिटं जातील. म्हणून हे आधी बोलून ठेवायला हवं, आणि बोलायला हवं तुम्ही: “बाबा, मी आत असताना उत्तर दिलं नाही तर तुम्ही दार उघडायचं. पंचा टाकायचा, बादली आडवी करायची, नळ बंद करायचा. त्या वेळी लाजायचं नाही.” एवढंच. हे वाक्य नवऱ्याने सासऱ्यांना सांगितलं तर ते पोचतं, पण त्यांचा संकोच जात नाही. तुम्ही सांगितलंत तर जातो, कारण परवानगी तुमची आहे. सासूबाई घरी असतील तर त्या जातील, त्यांचे गुडघे वाकत नसतील तर सासरे. शेजारच्या काकूंना बोलवायचंच असेल तर दार उघडून झाल्यावर.

आता ती खुर्ची. ती काढा आणि तिच्या जागी ठराव आणा. आंघोळ बारा मिनिटांत संपते असं धरू. घरात जो असेल त्याने दर तीन मिनिटांनी दारावर दोन टकटक करायच्या आणि तुम्ही आतून दोन द्यायच्या. ‘काय करतेस?’, ‘झालं का?’ हे प्रश्न बंद. टकटकीला उत्तर नाही आलं तर नाव घेऊन एक मोठी हाक. मग मनात दहापर्यंत मोजायचं आणि दार उघडायचं, तिथे विचार करत बसायचं नाही. डोळ्यांत साबण गेला म्हणून तुम्ही उत्तर दिलं नाही आणि दार उघडलं गेलं, असं एखाद्या वेळी होईल. रागावू नका, तसं झाल्यावर कोणी रागावलं तर पुढच्या वेळी दार उघडायला उशीर होतो. सासऱ्यांना कमी ऐकू येत असेल तर त्यांनी टकटक ऐकायची कशी, हेही बघा. अशा वेळी नुसती ध्वनी पोचवणारी बेबी मॉनिटरची जोडी बरी: एक दाराबाहेर शेल्फवर, दुसरी त्यांच्याजवळ, आवाज मोठा करून. कॅमेरा मात्र कुठल्याही कारणाने बाथरूममध्ये नको. ‘फक्त मीच बघीन’ असं कोणी म्हटलं तरीही नको.

आत गाणी लावू नका. माणूस गाणं ऐकत असला की पडल्याचा, बादली लवंडल्याचा आवाज बाहेर पोचत नाही. स्वतः गुणगुणलात तर उलट चांगलं, कारण गुणगुणणं थांबलं की घरच्यांना लगेच कळतं. हातातल्या काही स्मार्ट घड्याळांत फिट ओळखायची सोय असते, ती वापरायला हरकत नाही, पण ती काही फिट पकडते, काही सोडते, आणि फोन दुसऱ्या खोलीत लांब राहिला तर निरोपच जात नाही. भिंतीवर दाबायची बेल तर अशा फिटसाठी जवळजवळ निरुपयोगी. सगळं अंग आखडलेलं असताना बटण कोण दाबणार? आधी चाहूल लागते, म्हणजे पोटात काही उठल्यासारखं वाटतं किंवा एखादा वास येतो, अशांना ती उपयोगी पडते.

पाण्याकडे येऊ. फिटमध्ये बुडायला तलाव लागत नाही. नाक-तोंड बुडेल एवढं पाणी पुरतं, आणि वीस लिटरच्या बादलीत ते कायम असतं. बादली समोर ठेवून आपण तिच्यावर ओणवं होऊन मग भरतो. त्याच क्षणी शुद्ध गेली तर डोकं थेट आत. म्हणून बादली बाजूला, उजव्या हाताला, गुडघ्यापलीकडे ठेवा. पाठ भिंतीला. अर्धीच भरा आणि हवं तर दोनदा भरा. त्याहून चांगलं म्हणजे बादलीच नको, हँडशॉवर घ्या. त्यातही दाबून धरलं तरच पाणी येतं असा, संडासात असतो त्या जातीचा. हातातून सुटला की पाणी बंद. मात्र तो मिक्सरला जोडला आणि गरम-गार दोन्ही चालू ठेवून पुढचं तोंड बंद राहिलं तर जास्त दाबाचं पाणी दुसऱ्या नळीत शिरतं, आणि स्वयंपाकघरातला गार नळ अचानक कोमट येतो. प्लंबरला दोन्ही नळ्यांना एनआरव्ही, म्हणजे पाणी उलट जाऊ न देणारी झडप, बसवायला सांगा.

मोरबे धरणाच्या जलवाहिनीची दुरुस्ती निघाली की नवी मुंबईत घरोघरी पिंपं भरली जातात आणि ती न्हाणीघरातच ठेवतात. तुमच्या घरात हे पिंप बाहेर काढा. जागाच नसेल तर घट्ट बसणारं झाकण आणि तळाशी नळ असलेलं घ्या, आणि आंघोळीच्या वेळी झाकण लावलेलं आहे का बघा.

एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. न्हाणीघराला उंबरा असतो, दोन-तीन इंचांचा, पाणी बाहेर जाऊ नये म्हणून. मोरीच्या जाळीवर केस साचले किंवा अंगाखाली जाळी झाकली गेली, आणि नळ चालू राहिला, की उंबऱ्यामुळे तीच जमीन उथळ टाकी होते. बादली दूर ठेवूनही धोका तसाच राहतो. जाळी रोज साफ, आणि आत बसायचं ते जाळीवर नव्हे, तिच्या वरच्या चढाकडे. घसरू नये म्हणून चटई टाकाल, ती भोकांची असू द्या आणि जाळी मोकळी सोडून टाका. खालून रबरी चोषक असलेली चटई गुळगुळीत टाइलवरच धरते. कोटा किंवा खरखरीत फरशीवर ती उलट सरकते. तेल लावून न्हाल त्या दिवशी आंघोळ झाल्यावर फरशी साबणाने घासून घ्यायला कोणालातरी सांगा. तेलाचा थर पाण्याने जात नाही.

उभं राहून आंघोळ नको. बसायला चार पायांचं उंच प्लास्टिकचं स्टूल नको, ते ओल्या फरशीवर तिरकं होतं. प्लास्टिकचा रुंद पाट किंवा खाली रबर असलेलं बुटकं स्टूल, जमिनीपासून आठ-दहा इंच, एवढं पुरे. जमिनीच्या जितकं जवळ, तितकं पडणं कमी. पण बसलं की एक नवी गोष्ट होते: बादली भरायचा नळ नेमका तोंडासमोर येतो. पुढे कोसळलात तर कपाळ त्याच्यावर. हातभर मागे बसा, आणि एसीच्या पाइपवर घालतात ती काळी फोमची नळी आणून, उभी चिरून नळावर आणि भिंतीबाहेर आलेल्या पाइपांवर चढवा. मीटरवर मिळते, फार महाग नसते. पितळी हँडल, साबणाची टोकदार जाळी, काचेचं शेल्फ, तेलाची काचेची बाटली हे सगळं हलवा. कोपऱ्यात फरशी धुवायच्या ॲसिडची बाटली असते, ती तर आजच बाहेर. भिंतीला धरायचा स्टीलचा दांडा बसवावा असं कोणी सुचवेल. तुमच्यासाठी आम्ही ते सुचवणार नाही. फिटमध्ये पकड राहत नाही, आणि एवढ्याशा जागेत तो डोकं आपटायला आणखी एक कडा होतो.

गरम पाण्याचा हिशेब साधा आहे. ६० अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत खोल भाजतं. ५० अंशांच्या आसपास त्याला काही मिनिटं लागतात. शुद्ध नसलेला माणूस हात मागे घेत नाही, म्हणून हा फरक जीवघेणा आहे. साठवणीच्या गिझरचं बटण बहुधा खालच्या झाकणाआड असतं, ते ५० च्या खाली आणा. तीन लिटरच्या इन्स्टंट गिझरला बऱ्याचदा अशी सोय नसते. त्याचं पाणी आधी बादलीत घेऊन, गार आधी आणि गरम नंतर, मनगटाने तपासून, गिझर बंद करून मगच आत बसा. पडताना कोपर लागून मिक्सरचा दांडा गरमकडे वळतो, तेव्हा मागे गिझर बंद असलेला बरा.

पाइपच्या गॅसवर चालणारा गिझर बाथरूमच्या आत बसवलेला असेल तर आमचं सगळं उत्तर थोडं बाजूला ठेवा आणि आधी तो बाहेर काढा. बंद दार, बंद खिडकी, आत जळणारा गॅस: प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, गरगरतं, माणूस पडतो, आकडीही येते. ज्याला कधीच फिटचा आजार नव्हता अशालासुद्धा. एखाद्याला फिट फक्त बाथरूममध्येच येत असतील तर गिझर कसला आहे, हे डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता त्यांना सांगावं.

गरम पाण्यावरून आणखी एक. डोक्यावरून भराभर गरम पाणी ओतल्यावरच फिट येते असा एक प्रकार आहे. कर्नाटकात तो बराच दिसतो आणि बंगळुरूच्या निम्हान्समध्ये त्यावर पुष्कळ अभ्यास झाला आहे. अशांना पाणी कोमट ठेवून, मगामागून मग न ओतता, ओल्या टॉवेलने डोकं भिजवून बराच फरक पडतो, आणि न्हायच्या आधी घ्यायची गोळीही डॉक्टर देतात. तुमचं वर्णन त्या प्रकाराचं वाटत नाही. तरी गेल्या महिन्याची फिट न्हायच्या दिवशी आली होती का, पाणी ओतल्यावर की त्याआधी, हे आठवून लिहून ठेवा.

तुमचं वर्णन वेगळ्या दिशेने बोट दाखवतंय. सकाळी उठल्यावर हात उडणं, कप सुटणं, हे तुम्ही डॉक्टरांना सांगितलंय का? बऱ्याच जणी सांगत नाहीत, कारण त्यांना ती फिट वाटतच नाही, वेंधळेपणा वाटतो. ते झटके महत्त्वाचे आहेत. फिटवरच्या काही गोळ्यांनी असे झटके उलट वाढतात, त्यामुळे ही माहिती कळली तर औषध बदलायचं का, याचा विचार होऊ शकतो. स्वतःहून मात्र एकही गोळी कमी-जास्त किंवा बंद करू नका. अचानक बंद केलेल्या गोळीने लागोपाठ फिट येऊ शकतात.

आणि यातूनच सगळ्यात स्वस्त उपाय निघतो: आंघोळीची वेळ बदला. तुमचा धोका उठल्यानंतरच्या तासात आहे आणि नेमकं त्याच तासात तुम्ही हातात गरम पाण्याचा मग धरता. हात उडाला तर मगातलं पाणी छातीवर. उठल्यावर दोन तासांनी, किंवा सरळ संध्याकाळी, नवरा घरी आल्यावर आंघोळ ठेवा. आता घरात ‘आंघोळीशिवाय चुलीला हात नाही’ असा नियम असेल, हे आम्ही धरूनच चाललोय. त्यावर आमचं मत स्पष्ट आहे: सकाळचा चहा सासऱ्यांनी किंवा नवऱ्याने करावा. तसंही हात उडायच्या वेळेत उकळता चहा गाळणं तुमचं काम नाही. नियम पाळायचाच असेल तर हातपाय-तोंड धुऊन, कपडे बदलून भागवता येतं, आणि देवपूजा सासूबाई करतच असतील. रात्री उशिरापर्यंत जागरण, सकाळी लवकरचा गजर आणि गोळी विसरणं, या तिघांची गाठ पडली की दुसऱ्या दिवशीची आंघोळ बेसिनपाशी, खुर्चीवर बसून, ओल्या टॉवेलने. बाथरूमची ट्यूब लुकलुकत असेल तर बदलून घ्या. काही जणांचे झटके त्यानेही वाढतात.

घरात कोणीच नसेल तेव्हाही हाच ओल्या टॉवेलचा मार्ग. तरी कधी इलाज नसला तर शेजारच्या काकूंना फोन: “आत जातेय, पंधरा मिनिटांत फोन करते, नाही आला तर या.” त्यांच्याकडे घराची किल्ली हवी आणि तुमच्या सेफ्टी डोअरची आतली कडी काढलेली हवी. किल्ली द्यायची म्हणजे सांगावं लागणार, आणि सासूबाईंना बाहेर कळायला नको असेल. हिंदू विवाह कायद्यातल्या अटींमधून अपस्माराचा, म्हणजे फिटच्या आजाराचा, उल्लेख १९९९ साली वगळला गेला, पण माणसांच्या बोलण्यातून तो अजून गेलेला नाही. सगळ्या मजल्याला सांगू नका. एका घराला सांगा.

फिट आलीच तर आत गेलेल्याने काय करायचं, हे दाराच्या बाहेरच्या बाजूला कागदावर लिहून लावायला तुम्हाला आवडणार नाही, पाहुणे वाचतील. मग ते पंचाच्या खिशात घाला. हो, पंचाला खिसा शिवून घ्या. कागदावर एवढंच असावं: चेहरा पाण्याबाहेर, बादली असेल तर ती आडवी करा. नळ बंद. घड्याळ बघा. अंगावर पंचा. डोक्याखाली दुमडलेला टॉवेल. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा नाही, चप्पल नाही, हातात किल्ल्या नाहीत. झटके ओसरले की कुशीवर वळवा, म्हणजे लाळ आणि पाणी बाहेर येईल. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा थांबून शुद्ध न येता दुसरी आली, तर १०८. डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलॅमचा स्प्रे दिला असेल तर तो कधी आणि किती, हेही त्याच कागदावर त्यांच्याकडून लिहून घ्या. स्प्रे बाथरूममध्ये ठेवू नका, बाहेर ठेवा. आणि चेहरा पाण्यात गेला होता असं वाटलं तर फिट थांबून तुम्ही बोलायला लागलात तरी त्याच दिवशी हॉस्पिटल. फुफ्फुसात गेलेलं पाणी नंतर काही तासांनी त्रास देतं.

शुद्ध आली की लगेच उभं करू नका. दहा मिनिटं, कधी अर्धा तास माणूस गोंधळलेला असतो आणि ओल्या फरशीवर पुन्हा पडतो. तिथेच पुसून, कोरडं पांघरून बसू द्या. डॉक्टर कधीकधी फिटचा मोबाइलवरचा व्हिडिओ मागतात आणि तो त्यांना खरंच उपयोगी असतो. पण तो कपडे अंगावर असलेल्या फिटचा. न्हाणीघरातला कोणी काढायचा नाही, हेही आधीच सांगून ठेवा.

कडी बसली की येत्या रविवारी एकदा करून बघा. तुम्ही कपडे घालून आत बसा, कडी फिरवा, दोन टकटकींना मुद्दाम उत्तर देऊ नका. आधी नवरा, मग सासूबाई, मग सासरे. प्रत्येकाने पेचकस काढून, कडी फिरवून, पंचा घेऊन, पडद्याबाहेरून हाक मारून आत यायचं, आणि तुम्ही घड्याळ लावायचं. सासऱ्यांचा चष्मा बाहेरच्या खोलीत राहतो आणि खाच दिसत नाही, असली काहीतरी गंमत पहिल्या वेळी नक्की निघेल. मग खाचेभोवती नखाच्या लाल रंगाने एक वर्तुळ काढा.